शांघाय शहरात एक दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले, ‘‘तुम्ही चीनला जाऊन आलात, त्याबद्दल अर्धा तास बोला.’’ मी म्हटले, ‘‘अहो, चीनला कुठली? शांघायला. आणि शांघायही पाहिले ते एकच दिवस, बसमधून.’’ पण तोवर कार्यक्रमपत्रिकेत नाव छापून झाले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इथे समोर शाळेतल्या बाई बसल्या आहेत, त्यांनी जरा सांभाळून घ्यावे.

२०१९ सालचा ऑक्टोबर महिना. आमचे हे धोट्याशिवाय चालणारे नवे माग पाहायला शांघायला निघाले होते. इचलकरंजीचे, मालेगावचे आणि सुरतेचे असे दहा-बारा कारखानदार मिळून जायचे ठरले होते. सासूबाई म्हणाल्या, ‘‘तूही जा. मी अजून हातीपायी धड आहे, घर सांभाळीन.’’ अशा सासूबाई सर्वांना मिळोत. तर पुरुष मंडळी माग पाहायला गेली आणि आम्हा पाच बायकांना त्या शनिवारी शहर दाखवणाऱ्या बसमध्ये बसवून दिले. बसबरोबर माहिती सांगणारी एक मुलगी होती. ती इंग्रजीत सांगायची, आमच्यातल्या सुरतेच्या एक बेन ते हिंदीत सांगायच्या आणि मी ते मनात मराठीत करून घ्यायची. तीन चाळण्यांतून आलेले पीठ आहे हे, तेव्हा बारीकच असेल!

शांघाय म्हणजे ‘समुद्रावरचे’. वस्ती अडीच कोटींच्या आसपास. ह्वांगपू नावाची नदी शहराच्या मधून वाहते आणि पुढे यांगत्सेला मिळते. रस्ते स्वच्छ, झाडे दुतर्फा. दुकानांच्या पाट्या वाचता येत नाहीत, त्यामुळे सातवी शिकलेली आणि एम. ए. झालेली तिथे सारखीच. ह्या गोष्टीचे मला फार समाधान वाटले.

आधी बुद्धाच्या देवळात नेले. तिथल्या पांढऱ्या हरितमण्याच्या मूर्ती १८८२ साली एका भिक्षूने ब्रह्मदेशातून आणल्या. बसलेली मूर्ती सुमारे माणसाएवढ्या उंचीची आहे. चेहरा असा शांत, की सोबतच्या बायकांची बडबडही थांबली. बायका उदबत्त्यांचे जुडगे दोन्ही हातांत धरून चार दिशांना नमस्कार करत होत्या. देऊळ कुठलेही असो, हात जोडून उभी राहिलेली बाई काय मागत असेल ते आपल्याला कळते.

त्या देवळापासून थोड्याच अंतरावर मोगनशान नावाचा रस्ता आहे. तिथे पूर्वी कापसाची गिरणी होती, ती १९९० नंतरच्या दशकात बंद पडली. आता त्या इमारतींत चित्रकार बसतात आणि चित्रे विकतात. बेन म्हणाल्या, ‘‘छान केले आहे.’’ मला मात्र बसच्या खिडकीतून त्या भिंती पाहताना गिरणीतल्या बाया कुठे गेल्या असतील हेच डोक्यात येत राहिले. शांघायच्या गिरण्यांत कामाला बायकाच जास्त असायच्या. मागाच्या गावात राहणाऱ्या माणसाला बंद कारखाना दिसला की पोटात कसेतरी होते, हे तुम्हाला सांगायला नको.

मग एका रेशमाच्या दुकानात नेले. सहलीत असे एक दुकान असतेच, त्याला इलाज नाही. पण एक गोष्ट पाहण्यासारखी होती. कधी कधी दोन किडे मिळून एकच कोश बांधतात. त्याचे धागे एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे त्यातून सूत निघत नाही. तसे कोश ओले करून पसरतात आणि चौघीजणी चार कोपरे धरून ओढतात. पापडाची लाटी ओढावी तसा तो कापसासारखा थर मोठा होत जातो. असे थर एकावर एक घालून रजई करतात. मलाही एक कोपरा धरायला दिला. माझ्या हातातला फाटला नाही. दुकानातली बाई खूष झाली आणि लगेच किंमत सांगितली. मी रजई घेतली नाही.

दुपारी यू बागेत गेलो. आता ही बाग ऐका. पान नावाच्या एका अधिकाऱ्याने १५५९ साली ती आपल्या आईवडिलांच्या म्हातारपणी त्यांना विसावा मिळावा म्हणून करायला घेतली आणि १५७७ साली ती पुरी झाली. यू म्हणजे सुख, संतोष. बाग जेमतेम पाच एकरांची, पण आत तळी, दगडांचे डोंगर, वळणावळणाच्या वाटा आणि भिंतीवर अख्खाच्या अख्खा ड्रॅगन पसरलेला. बाहेरच्या तळ्यावर नागमोडी पूल आहे. भूतपिशाच सरळच चालते, त्याला वळता येत नाही, म्हणून पूल वाकडा! ऑक्टोबरात तिथे एक बारीक पिवळ्या फुलांचे झाड बहरलेले असते. वास असा, की पारिजातकाची आठवण व्हावी. आईबापांसाठी एवढी हौस करणाऱ्या त्या घराण्याला पुढे गरिबी आली आणि बाग दुसऱ्यांच्या हाती गेली. १९६१ साली सरकारने ती लोकांसाठी उघडली.

ह्या बागेत एके काळी कापडव्यापाऱ्यांच्या संघाची जागा होती. तिथल्या एका मंडपाच्या लाकडी फळ्यांवर कोरीव चित्रे आहेत. त्यांत कापूस पेरणारी माणसे आहेत, सूत काढणाऱ्या बाया आहेत, मागावर बसलेली बाई आहे. मी तिथेच थांबले. मुलीला विचारले, ही कोण? तेव्हा तिने ह्वांग दाओपोची हकिकत सांगितली, आणि भगिनींनो, खरे सांगायचे तर हीच हकिकत तुम्हाला सांगण्यासाठी मी आज उभी राहिले आहे.

सुमारे सातशे वर्षांपूर्वीची ही बाई, शांघायजवळच्या एका खेड्यातली. लोक सांगतात की ती लहानपणीच सून म्हणून दुसऱ्याच्या घरी दिली गेली. घरात मारहाण आणि उपासमार. एका रात्री ती घराचे छप्पर उसवून बाहेर पडली आणि धक्क्यावरच्या जहाजात लपून बसली. ते जहाज थेट दक्षिणेच्या हैनान बेटावर गेले. तिथल्या ली जमातीच्या बायका कापसाच्या कामात हुशार होत्या. त्यांच्यात ती कितीतरी वर्षे राहिली. सरकी काढणे, पिंजणे, सूत कातणे, रंगीत नक्षी विणणे, सर्व शिकली. १२९५ च्या सुमारास ती आपल्या गावी परत आली. ज्या गावाने तिला काही दिले नव्हते त्या गावाला तिने सरकी काढायचे यंत्र, पिंजायची मोठी कमान आणि पायाने चालवायचा तीन चात्यांचा चरखा शिकवला. तीन चात्या, म्हणजे एका वेळी तीन धागे! आपल्या आजीच्या चरख्याला एकच चाती होती, आणि ती हाताने फिरवायची. पुढे तो सारा मुलूख कापडासाठी नावाजला. लोकांनी तिचे देऊळ बांधले, आणि १९८० साली तिच्या चित्राचे टपालाचे तिकीट निघाले.

नवा माग गावात आणणाऱ्याचे मोल आपण इचलकरंजीकर जाणतो. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, त्याची आठवण आपण ठेवली आहे. पण कांड्या भरणारी, बीम जोडणारी, फणीतून धागा ओढणारी बाई कुणाच्या आठवणीत आहे? तिथे एका सासुरवासणीचे देऊळ आहे. बागेतून निघताना मी त्या मंडपाला नमस्कार केला. बेन हसल्या, आणि मग त्यांनीही केला.

त्यानंतर नदीकाठी नेले. ह्या काठाला इंग्रजीत ‘बंड’ म्हणतात. हा शब्द चिनी नव्हे. इंग्रजांनी आपल्याकडचा ‘बंद’, म्हणजे बांध, तिकडे नेला. पुण्याची बंड गार्डन तुम्ही पाहिली आहे, तोच हा बंड. काठावर मोठमोठ्या दगडी इमारती आहेत. मुंबईच्या फोर्टात उभे आहोत असे वाटते. त्यांतल्या हिरव्या टोकदार छपराच्या हॉटेलाकडे बोट दाखवून मुलगी म्हणाली, ‘‘हे १९२९ साली ससूनने बांधले.’’ मी दचकले. ससून म्हणजे आपले पुण्याच्या दवाखान्याचे ससून? तेच घराणे! बगदादहून मुंबईला आलेले डेव्हिड ससून, त्यांचा हा पणतू व्हिक्टर. ह्यांच्या गिरण्या मुंबईतही होत्या.

एवढा पैसा कशातून आला, तर कापसातून आणि अफूतून. अफू आपल्याकडची होती. बंगाल-बिहारची कलकत्त्याहून जाई आणि माळव्याची मुंबईच्या बंदरातून. चीनच्या सरकारने अफू अडवली, तेव्हा १८३९ ते १८४२ इंग्रजांनी लढाई केली. चीन हरला आणि तहात शांघायचे बंदर परक्यांना उघडून द्यावे लागले. पुण्याच्या बंधाऱ्याला देणगी देणारे सर जमशेटजी जिजीभाय ह्यांचाही चीनशी कापसाचा आणि अफूचा व्यापार होता. त्यांच्या दवाखान्यात आपल्या हजारो बायका बाळंत झाल्या. माझी आतेबहीण ससूनमध्ये वाचली. ते उपकार मी विसरणार नाही. पण त्या काठावर उभी असताना मला दुसरी बाजू दिसली. नवरा अफू ओढून पडलेला, घरातली भांडी विकलेली, आणि पोरे घेऊन बसलेली बाई. दारूच्या घरात नांदलेल्या बाईला हे चित्र काढून दाखवावे लागत नाही. हे शाळेच्या पुस्तकात आम्हाला कुणी सांगितले नव्हते.

ह्याच्या आधी, बाग पाहून झाल्यावर, आम्ही लोकांच्या उद्यानात उतरलो होतो, ते सांगायचे राहिले. पूर्वी तिथे घोड्यांच्या शर्यती होत. आता शनिवारी-रविवारी दुपारी लग्नाचा बाजार भरतो. हसू नका! रस्त्याच्या कडेने उघड्या छत्र्या ओळीने मांडलेल्या, आणि प्रत्येक छत्रीवर एक कागद चिकटवलेला. मुलगा की मुलगी, जन्मवर्ष, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचे घर आहे की नाही, शांघायचा दाखला आहे की नाही. जात नाही. पण जन्मवर्षाचा प्राणी आहे, ससा, वाघ, डुक्कर, म्हणजे पत्रिका आलीच. छत्रीमागे आई किंवा बाप लहान स्टुलावर बसलेला. मुले-मुली स्वतः कुठेच नाहीत. कित्येकांना तर आपला कागद तिथे लागला आहे हे ठाऊकही नसते म्हणे.

एक पिकल्या केसांची बाई मला पाहून उठली आणि काही बोलली. मुलगी म्हणाली, ‘‘ती विचारते, तुम्हाला मुलगा आहे का?’’ मी हाताने नाही म्हटले, आणि खुणेनेच सांगितले की मुलगी आहे. तिने माझा दंड धरून थोपटला. माझ्या मुलीसाठी तेव्हा स्थळे पाहणे चालू होते, आणि ती पुण्याहून दर खेपेला नाही म्हणत होती. त्या बाईचा हात मला अजून आठवतो.

तिथे मुलींचेच कागद जास्त दिसले. नवल असे, की त्या देशात मुली कमी आणि मुलगे जास्त आहेत. १९८० पासून २०१५ पर्यंत ‘एकच मूल’ असा सरकारी नियम होता, तेव्हा पुष्कळांनी मुलगी होऊ दिली नाही. आता खेड्यातल्या मुलांना मुली मिळत नाहीत आणि शहरातल्या शिकलेल्या मुलींना मनाजोगता मुलगा मिळत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस उलटलेल्या मुलीला तिथे ‘उरलेली’ म्हणतात. आपल्याकडे घोडनवरी म्हणत, तसे. आमची मार्गदर्शक मुलगी एकोणतिशीची होती. ती म्हणाली, ‘‘माझी आई गावी असते, नाहीतर इथे माझीही छत्री दिसली असती.’’ ती हसून म्हणाली, पण बसमध्ये चढेपर्यंत पुन्हा बोलली नाही. मुलगी होऊ न देण्याचे पाप चीनमध्येच झाले असे मात्र कुणी समजू नये. कोल्हापूर जिल्ह्यातल्या आपल्या बायकांना ते चांगले माहीत आहे.

त्या रात्री मी ह्यांना म्हटले, ‘‘मुलीचे टिपण आपण लिहिले, ते एकदा तिलाच वाचायला देऊ.’’ घरी आल्यावर दिले. तिने दोन शब्द खोडले आणि एक घातला. कोणते ते घरातले गुपित.

संध्याकाळी नदीपलीकडे दिवे लागले. १९९० पर्यंत तिकडे बरीचशी शेते, गोदामे आणि साधी घरे होती. आज ६३२ मीटर उंचीची इमारत आहे, आणि मोती ओवल्यासारखा ४६८ मीटरचा मनोरा आहे. वर जायचे तिकीट वेगळे होते. आम्ही खालूनच पाहिले, मान दुखेपर्यंत.

खाण्याचे तुम्ही विचारणारच. देवळाच्या खाणावळीत शेवयांचा शाकाहारी रस्सा मिळाला, वर आळंबी. बाकी वेळी बेनच्या थेपल्यांवर आणि माझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर निभावले. गरम पाणी मात्र कुठेही मागा, हसून देतात. ‘‘मी मांस, मासे, अंडे खात नाही’’ अशी चिनी अक्षरांतली चिठ्ठी त्या मुलीने मला लिहून दिली होती, ती आज पाकिटात घालून आणली आहे. चहाच्या वेळी ज्यांना पाहायची असेल त्यांनी पाहावी, पण हाताला चिवडा लागलेला असेल तर आधी पुसून घ्यावा.