मोटारीच्या खांबाआड



मोटार हांकणाऱ्याला पुढचें काय दिसतें, असा प्रश्न केला तर बहुधा उत्तर येतें, ‘समोरच्या कांचेंतून दिसतें तें सारें.’ हें उत्तर चुकीचें नाहीं, पण अपुरें आहे. कांच काहीं आपोआप उभी राहात नाहीं. तिच्या दोन्ही कडांना दोन खांब असतात आणि छपराचा पुढचा भार तेच वाहतात. मोटारी बनविणारे लोक पुढून मागें अशा क्रमानें या खांबांना इंग्रजी मुळाक्षरें लावतात. त्यामुळें पुढच्या जोडीला ‘ए’ खांब हें नांव पडलें आहे. आजचें माझें बोलणें या खांबांविषयीं, किंबहुना त्यांच्या आड जें राहतें त्याविषयीं आहे.

विषय सुचला तो एका प्रसंगामुळें. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एका सायंकाळीं मी घरीं परतत होतों. चौकांत थांबलों, दोन्ही बाजू पाहिल्या, समोरून येणारी बस जाऊं दिली आणि उजवीकडे वळूं लागलों. इतक्यांत कोपऱ्यावरचा शहाळींवाला ओरडला, “अहो काका, बाई! बाई!” मीं ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हां उजव्या दिव्यापासून हातभर अंतरावर एक वृद्ध बाई भाजीची पिशवी घेऊन उभ्या होत्या. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहींत. नुसतें पाहिलें आणि पलीकडे निघून गेल्या. मी मात्र गाडी कडेला घेऊन बराच वेळ तसाच बसून राहिलों. मीं पाहिलें नव्हतें असें नव्हे. मीं पाहिलें होतें, आणि तेथें कोणी नव्हतें!

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गाडी दारांत उभी करून मीं शिंप्याची टेप घेतली. दाराची चौकट आणि आंतलें अस्तर धरून उजवा खांब माझ्या डोळ्यांना 12 सेंटिमीटर रुंद भरला, आणि डोळ्यांपासून त्याचें अंतर 75 सेंटिमीटर. एवढाशा खांबाआड सबंध मनुष्य कसा मावतो, हें समजण्यासाठीं आपण बसल्या जागीं एक लहानसा प्रयोग करावा. हात लांब करून एक पेन्सिल डोळ्यांसमोर उभी धरा आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहा. पेन्सिल मध्यें असूनही घड्याळ पुरतें दिसतें, कारण एका डोळ्याला जें झांकलें जातें तें दुसरा पाहतो. आतां एक डोळा मिटा. घड्याळावरची एक उभी पट्टी नाहींशी होईल. मग पेन्सिलीच्या जागीं पोस्टकार्ड आडवें धरा. दोन्ही डोळे उघडे, तरी घड्याळ गेलें! मनुष्याच्या दोन बाहुल्यांमध्यें सुमारें साडेसहा सेंटिमीटर अंतर असतें. त्याहून अरुंद वस्तु दूरचें कांहीं लपवूं शकत नाहीं. त्याहून रुंद वस्तु लपविते, आणि जितकें दूर पाहावें तितकें अधिक लपविते. माझ्या खांबाचा हिशेब मांडला तर 10 मीटरांवर सुमारें 80 सेंटिमीटर, 20 मीटरांवर दीड मीटर आणि 40 मीटरांवर तीन मीटर रुंदीचा पट्टा दोन्ही डोळ्यांना मिळून दिसत नाहीं.

तरीही कोणी म्हणेल कीं, गाडी चालते, माणसेंही चालतात. मग एखादें माणूस खांबाआड राहून राहून किती वेळ राहणार? खरी मेख येथेंच आहे. समजा, आपली मोटार ताशीं 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगानें चालली आहे. उजवीकडच्या आडव्या रस्त्यानें एक सायकलस्वार सेकंदाला 5 मीटर वेगानें येत आहे, आणि दोघेही एकाच वेळीं चौकांत पोंचणार आहेत. आठ सेकंद आधीं आपण चौकापासून 80 मीटरांवर, तो 40 मीटरांवर. चार सेकंद आधीं आपण 40 वर, तो 20 वर. दोन सेकंद आधीं आपण 20 वर, तो 10 वर. दर वेळीं तो आपल्या नाकासमोरच्या रेषेपासून सुमारें 27 अंश उजवीकडेच असतो. पुष्कळ गाड्यांत उजवा खांब चालकाला याच कोनाच्या आसपास येतो. ज्याची आपली गांठ पडायची नाहीं तो खांबाबाहेर सरकतो. ज्याची पडायची तोच नेमका आड राहतो. शेवटच्या दोन सेकंदांत सायकलीचें चाक बाहेर डोकावूं लागतें खरें, परंतु तेव्हां आपल्याजवळ 20 मीटर उरलेले असतात, आणि दचकण्यांत एक सेकंद गेला तर त्यांतले 10 संपलेले असतात.

दर्यावर्दी लोकांना हें तत्त्व नवें नाहीं. जवळ येणाऱ्या जहाजाची होकायंत्रावरची दिशा बदलत नसेल तर टकरीचा धोका आहे असें समजावें, हें 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत स्पष्ट लिहिलें आहे. फरक इतकाच कीं, नाखवा तें जहाज पाहात असतो. इंग्लंडांत न्यू फॉरेस्ट भागांत इप्ली क्रॉस नांवाचा चौरस्ता आहे. आजूबाजूला मोकळें माळरान, दूरवरचें दिसावें अशी जागा. तेथें 2011 आणि 2016 सालीं एकेक सायकलस्वार मोटारीच्या धडकेनें मरण पावला. रस्ते एकमेकांना तिरपे छेदत असल्यामुळें खांबाचें हें गणित तेथें कसें जुळून येतें, याची पुढें बरीच चर्चा झाली.

मग खांब बारीक कां करीत नाहींत? एके काळीं ते बारीकच होते. जुन्या उघड्या मोटारींत खांब म्हणजे कांच धरण्यापुरती दांडी. पण गाडी उलटली कीं छप्पर चेपून आंतलीं माणसें दगावत. म्हणून अमेरिकेंत 1973 पासून छपरानें गाडीच्या दीडपट वजनाचा दाब सोसावा असा नियम झाला, आणि 2009 सालीं हलक्या गाड्यांसाठीं तो तिप्पट ठरविण्यांत आला. शिवाय वारा कापण्यासाठीं कांच अधिकाधिक निजूं लागली, तिच्याबरोबर खांबही तिरपे झाले. खांबानें अनेकांचे प्राण वांचविले आहेत, हें मी नाकारीत नाहीं. परंतु आंत बसलेल्याच्या रक्षणाची किंमत रस्त्यानें पायीं जाणाऱ्यानें किती मोजावी, हा प्रश्न गाडीच्या जाहिरातींत मला अद्यापि दिसलेला नाहीं. संयुक्त राष्ट्रांच्या 125 क्रमांकाच्या नियमांत एका खांबाआड दोन्ही डोळ्यांना मिळून 6 अंशांहून अधिक भाग झांकूं नये अशी मर्यादा आहे. माझा खांब जेमतेम सव्वाचार अंश झांकतो. म्हणजे त्या बाई मर्यादेच्या आंतच होत्या!

उपाय शोधणारे आहेत. व्होल्वो कंपनीनें 2001 सालीं प्रयोगादाखल एक मोटार दाखविली, तिचे पुढचे खांब जाळीदार असून आरपार दिसत असे. 2019 सालीं अमेरिकेंतील पेनसिल्वेनिया राज्यांतल्या चौदा वर्षांच्या एका मुलीनें खांबाबाहेर कॅमेरा लावून त्यांतलें चित्र आंतून खांबावरच पाडण्याची युक्ति काढली आणि 25,000 डॉलरांचें पारितोषिक मिळविलें. अशा गोष्टी आपल्या दारच्या गाडींत केव्हां येतील तेव्हां येवोत. तोंवर निदान आपण होऊन खांब जाड करूं नयेत. आरशाला लोंबणाऱ्या माळा, कांचेच्या कोपऱ्यांतली मूर्ति, तिच्या शेजारीं चिकटविलेला मोबाइल. देव सर्वत्र आहे हें मान्य करून त्याला थोडें बाजूस बसवावयास हरकत नसावी.

आणि मान हलवावी. डोकें वीतभर पुढें किंवा बाजूला गेलें कीं खांबाआडचा पट्टा मीटरच्या मीटर सरकतो. चौकांत शिरण्यापूर्वीं आणि वळतांना मी आतां एकदां पुढें झुकतों, एकदां मागें रेलतों आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनीं डोकावून घेतों. मागच्या आठवड्यांत शेजारीं बसलेल्या नातीनें हें तीन चौक निमूटपणें पाहिलें आणि चौथ्या चौकांत विचारलें, “आजोबा, तुम्ही सारखा नमस्कार कोणाला करतां?”