वेताळाची वही

(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘सोसायटीच्या आठवणी’ असा विषय छापलाय. पण मी बोलणार आहे वेताळाबद्दल. घाबरू नका, वेळेत संपवतो. मागे जेवणाच्या पंगती खोळंबल्यात, हे मलाही दिसतंय.

ही इमारत व्हायच्या आधी टेंभी नाक्यावर आमची चाळ होती. आमची आजी कोकणातली. तिचा वेताळ म्हणजे आरवलीचा वेतोबा. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, चालून चालून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, असं ती सांगायची. आमचा वेताळ मात्र वेगळा. अंगाला घट्ट बसणारा पोशाख, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुलं आणि बोटात कवटीची अंगठी. ठोसा मारला की गुंडाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उठायचा, तो जन्मभर पुसायचा नाही. आजी म्हणायची, “हा कसला वेताळ? ह्याच्या पायात चपला कुठं आहेत?”

हा वेताळ मूळचा अमेरिकेतला. ली फॉक या लेखकाने १९३६ साली तो वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणला. मॅन्ड्रेक जादूगार त्याच्याही दोन वर्षं आधीचा, त्याच लेखकाचा. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडियावाल्यांनी मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. पहिला अंक वेताळाचाच, किंमत साठ पैसे. इंग्रजी, हिंदी, मराठी अशा अनेक भाषांत ते निघायचं. आधी मासिक, मग पाक्षिक, पुढे साप्ताहिक. १९९० साली बंद पडेपर्यंत आठशेच्या आसपास अंक निघाले. वेताळाचं राज्य मुळात ‘बंगाला’ नावाच्या देशात. आपल्याकडे बंगालशी घोटाळा नको म्हणून त्याचं ‘डेंकाली’ केलं.

साठ पैसे तेव्हा कमी नव्हते हो. आम्ही पाच जण वर्गणी काढायचो आणि चाळीच्या जिन्यात बसून एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी चित्रं बघायची. पान उलटायच्या आधी सगळ्यांचा होकार घ्यायचा. त्यावरून मारामाऱ्या झाल्यात. त्या पाचांतले आम्ही दोघं आज याच इमारतीत राहतो, आणि दुसरा आत्ता पहिल्या रांगेत बसून हसतोय.

मोठेपणी वाचलं तेव्हा काही गोष्टी खटकल्याही. सगळं जंगल काळ्या माणसांचं, आणि त्यांचा तारणहार मात्र गोरा. हे आम्हांला जिन्यात बसून कधी दिसलं नाही. १९७६ साली त्याच इंद्रजालमध्ये आबिद सुरतींचा ‘बहादूर’ आला. कुर्ता आणि जीन्स घालणारा, आपल्या मातीतला, डाकूचा मुलगा. तो गावकऱ्यांनाच एकत्र करून नागरिकांचं सुरक्षा दल उभं करतो. पण खरं सांगू? तेव्हा मला बहादूर फिका वाटायचा. एकट्याने सगळं निस्तरणारा वेताळच भारी वाटायचा.

आणि तिथेच माझी चूक झाली.

अकरा वर्षं मी या सोसायटीचा सचिव होतो. पंप, टाक्या, लिफ्टवाला, मीटरची खोली, सगळं माझ्या डोक्यात. चाव्या माझ्या कमरेला. कुणी मदतीला आलं की मी म्हणायचो, “राहू दे, मी बघतो.” आमच्या सौ. म्हणायच्या, “तुमचा मुखवटा तेवढा शिवायचा राहिलाय.”

मग त्या नवरात्रात माझ्या छातीत दुखायला लागलं आणि मला इस्पितळात नेलं. दुसऱ्याच दिवशी इथला पंप पाणी उचलेना. नवरात्रात देवीच्या दर्शनाच्या गर्दीने नाका कसा असतो, ते तुम्हांला सांगायला नको. रस्ता बंद, टँकर आत येईना. खालची टाकी भरलेली, वरची कोरडी. दोन दिवस माणसं बादल्या घेऊन जिने चढली. सत्तरी ओलांडलेल्या आजीसुद्धा. पंपात हवा धरली की काय करायचं, ते फक्त मला ठाऊक होतं, आणि मी होतो अतिदक्षता विभागात.

शेवटी तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजातली मुलगी इस्पितळात आली. भेटायची परवानगी मिळाली होती पाच मिनिटांची. तिने तब्येत विचारली, मग मोबाइलवर पंपाचे फोटो दाखवले आणि म्हणाली, “काका, यातला कुठला स्क्रू सैल करायचा?” मी बोट ठेवलं. हवा कशी सोडायची, पाणी कुठून ओतायचं, कुठला व्हॉल्व्ह आधी उघडायचा, हे सांगितलं. तिने लिहून घेतलं. संध्याकाळी नळाला पाणी आलं.

पडल्या पडल्या मला वेताळ आठवला. लोकांना वाटतं तो अमर आहे, चारशे वर्षं तोच माणूस फिरतोय. वाचणाऱ्याला गुपित ठाऊक असतं: तो एकविसावा आहे. बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. आणि त्या कवटीच्या आकाराच्या गुहेत कपाटं भरून जाडजूड वह्या असतात. प्रत्येक वेताळाने आपण काय केलं ते त्यांत लिहून ठेवलेलं असतं, म्हणून पुढच्याला कळतं. लहानपणी वह्यांचं ते चित्र आलं की आम्ही पान पटकन उलटायचो. ठोसे बघायची घाई.

अकरा वर्षांत मी एक पानही लिहिलं नव्हतं.

परत आल्यावर त्या मुलीने आणि मी मिळून वही केली. दोनशे पानी, साधी. पंप, टाक्या, जिन्यातले दिवे, कुणाला फोन करायचा, सगळं त्यात आहे. ती वॉचमनच्या केबिनमध्ये असते, चाव्यांचा जुडगाही तिथेच. पंपाच्या खोलीच्या दाराला आतून एक कागद लावलाय, त्यावर तिचंच अक्षर आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीची निवडणूक आहे. गेल्या खेपेला जागा नऊ आणि अर्ज चार होते. मी या वेळी उभा राहणार नाही. वेताळासारखा आपल्याच घरातला वारस मला नेमायचा नाही. माझा मुलगा पुण्याला असतो, आणि त्याला पंपातलं ओ की ठो कळत नाही. मला बहादूरचं दल हवंय. अर्ज कार्यालयात ठेवलेत. तिसऱ्या मजल्यावरून पहिला अर्ज आलेला आहे.

वहीत अजून एकशे साठ पानं कोरी आहेत.

आता पंगतीला बसा.