लांडगा की कुत्रा?

लांडगा आणि कुत्रा, दोघांचीही गुणसूत्रं ७८. त्यामुळे त्यांचा संकर होतो आणि संकरित पिलांनाही पुढे पिलं होऊ शकतात. पुणे जिल्ह्यातल्या माळरानांवर लांडग्यांच्या कळपात काही वेगळ्याच रंगाची जनावरं दिसू लागली होती. त्यांच्या केसांची जनुकीय तपासणी झाली आणि २०२३ मध्ये संकराचा पुरावा जाहीर झाला.

आपला लांडगा करडा-तपकिरी, वाळल्या गवतात सहज लपणारा. संकरित जनावर कधी फिकट पिवळसर दिसतं. पण नुसत्या रंगावरून खात्री देता येत नाही, निवाडा जनुकांचाच.

हा संकर घडतो कशामुळे? माळरानं आक्रसतात, वस्ती आणि उकिरडे वाढतात, त्यांच्या मागोमाग भटकी कुत्री येतात. लांडग्यांना स्वजातीचा जोडीदार मिळणं अवघड होतं. शिवाय कुत्र्यांचे रेबीज, डिस्टेंपरसारखे रोग त्यांना लागतात. संकर वाढत गेला, तर अस्सल लांडग्याचा वंशच पुसट होईल.

माळाकाठच्या गावकऱ्यांनो, कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून घ्या. भटकी कुत्री येऊ नयेत म्हणून मेलेली जनावरं आणि कोंबड्या उघड्यावर टाकू नका.