दर रुपयामागे सहा पैसे



बंगळुरूत मालमत्ता कर भरताना दर रुपयामागे सहा पैसे आपण ग्रंथालय उपकर म्हणून देतो. ही तरतूद १९६५च्या कर्नाटक सार्वजनिक ग्रंथालय कायद्यातली. महाराष्ट्राच्या १९६७च्या कायद्यात असा उपकर नाही. तिथली बहुतेक वाचनालयं लोकांनी संस्था काढून उभी केली आणि ती सरकारी अनुदानावर कशीबशी चालतात. म्हणून वाचनालय म्हटलं की आपल्या मराठी मंडळींना वर्गणी आणि अनामत आठवते. इथलं शहर ग्रंथालय मात्र आपल्याच पैशावर चालतं, आणि आपल्यापैकी फार थोडे जण त्याची पायरी चढतात. उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोचत नाही ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. पण ती लावून धरायला आधी वाचक तरी हवेत!

कब्बन पार्कातली ती लाल इमारत तुम्ही पाहिलीच असेल. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या स्मारकाची ही वास्तू १९१५ची. राज्य मध्यवर्ती ग्रंथालय तिथंच आहे. त्याच सुमारास बडोद्यात सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल आणून गावोगावी पुस्तकांच्या पेट्या धाडायला सुरुवात केली होती. पुस्तकानं वाचकाकडे जायचं, ही कल्पना आपल्याला नवी नाही.

लहान मुलांकडे ते जातं गोष्टीच्या वाटेनं. बंगळुरूच्याच प्रथम बुक्सनं २०१२ साली 'वन डे, वन स्टोरी' हा उपक्रम सुरू केला: दर ८ सप्टेंबरच्या, म्हणजे साक्षरता दिनाच्या सुमारास, देशभर स्वयंसेवक एकच गोष्ट आपापल्या भाषेत मुलांना वाचून दाखवतात. अशी बैठक बघण्यासारखी असते. वाचणारी ताई पुस्तकाची चित्रं मुलांकडे करून धरते आणि स्वतः वरून मान वाकडी करून ओळी वाचते. पान उलटायला जरा वेळ लावला, की सतरंजीवरून कुणी 'आमेले?' विचारतं, कुणी 'अप्पुरम?', कुणी 'तरवात?' आणि आपलं एखादं पोर 'मग?' म्हणतं. या शहरात इतकी मिसळलेली दुसरी सतरंजी मला ठाऊक नाही. मोठी माणसं मात्र दाराशी चपलांपाशी उभी राहून मोबाइल बघतात. त्यांनीही आत येऊन बसावं, असं मला फार वाटतं.

खरी अडचण बारा ते अठरा वयाची. चित्रांची पुस्तकं या मुलांना पोरकट वाटतात, आणि वर्तमानपत्रांच्या टेबलाशी निवृत्त मंडळी बसलेली. मग ही मुलं ग्रंथालयात येतात ती स्वतःची गाइडं घेऊन, परीक्षेच्या अभ्यासाला. येऊ द्या, शांत जागा मिळणं हीही मोठी गोष्ट आहे. पण त्यांच्यावर काम सोपवलं तर ती टिकतात: धाकट्यांना गोष्ट वाचून दाखवणं, कोणती पुस्तकं घ्यायची ते ठरवणं. कर्नाटकात २०२०मध्ये 'ओदुव बेळकु' मोहीम निघाली आणि ग्रामपंचायतींच्या ग्रंथालयांत मुलांना मोफत सभासद करून घेतलं. गावांना जमलं ते शहरातल्या वॉर्डांना का जमू नये?

मोठ्यांसाठी बसवनगुडीत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ वर्ल्ड कल्चर आहे. मुंबईत जन्मलेल्या बी. पी. वाडियांनी १९४५ साली ती काढली. ग्रंथालय, मुलांचा विभाग, व्याख्यानं, संगीत, सगळं एका छताखाली. आणि शनिवारी सकाळी कब्बन पार्कात गेलात, तर झाडांखाली चादरी अंथरून माणसं आपापलं पुस्तक मुकाट्यानं वाचताना दिसतील. तिथं नावनोंदणी नाही, भाषणं नाहीत.

आता मागणं. आपल्या वॉर्डाच्या ग्रंथालयात जा, सभासद व्हा, मराठी पुस्तकांसाठी एक फळी मागा. ग्रंथपालांशी बोलून महिन्यातल्या एका शनिवारी मराठी आणि कन्नड अशी जोडगोष्ट ठरवा. मराठी वाचणारे आपल्यात पुष्कळ आहेत. कन्नड वाचणारी शेजारीण किंवा शेजारी बरोबर घ्या. ज्यांची तयारी आहे त्यांनी आजच्या व्याख्यानानंतर आपलं नाव आणि वॉर्ड माझ्याकडे द्यावा. मी दाराशीच थांबतो.