कुकर आधी, मोबाईल नंतर

आजचा भाग अशांसाठी, ज्यांना स्वयंपाक फारसा येत नाही, पण रात्री भूक मात्र वेळेवर लागते.

मी खोपोलीत, शिळफाट्याला दोन मित्रांबरोबर खोली घेऊन राहतो. कुणी कारखान्यात शिफ्टला, कुणी कर्जतला गाडी बदलून मुंबईकडे. जुना मुंबई-पुणे हायवे इथूनच जातो, त्यामुळे खोलीवर येईपर्यंत वडापाव, भजी, चायनीज, सगळं वाटेतच. अधूनमधून खायला काहीच हरकत नाही. पण तेच रोजचं जेवण झालं की शरीर हिशोब मागतं. आमच्यातल्या एकाचं 27व्या वर्षी बीपी वाढलेलं निघालं. डॉक्टर पहिलं काय म्हणाले? मीठ कमी कर.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, तोही दिवसभरात! फरसाण, सॉस, पापड, लोणचं यांतलं मीठ आपण धरतच नाही. गाडीवर मीठ किती पडतं ते दुसरा ठरवतो. घरी आपण ठरवतो.

आता तुम्ही म्हणाल, ‘अरे, पण येत नाही ना!’ खरं सांगू का, आमची अडचण ती नव्हतीच. पोटात कावळे ओरडत असताना ‘आज काय करायचं’ हा विचार सुरू केला, की हात आपोआप मोबाईलकडे जातो आणि ऑर्डर होते. म्हणून काय करायचं ते सकाळीच ठरतं, आणि खोलीत एकच नियम आहे: जो आधी येईल त्याने हात धुवायचे, कुकर लावायचा, मग मोबाईल.

कुकरमध्ये काय? खिचडी. दोघांसाठी अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, दोन्ही धुऊन. वर दुधी, लाल भोपळा, गाजर, जे असेल ते दोन वाट्या चिरून. तुकडे वाकडेतिकडे झाले तरी चालतं, शिजल्यावर कुणी बघत नाही. चार वाट्या पाणी, चिमूटभर हळद, बेताचं मीठ. तीन शिट्ट्या. कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, डाळ फसफसून वर येते. आणि वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, हे लक्षात ठेवा.

चव कुठून येते? फोडणीतून. दोन छोटे चमचे तेल तापवा. मोहरीचा एक दाणा टाका, तडतडला की तेल तयार. मग मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण, कढीपत्ता. लसूण गुलाबी झाला की लगेच खिचडीवर ओता. काळा पडला तर कडू लागतो. वरून लिंबू पिळा. आंबट असलं की मीठ कमी असल्याचं जाणवत नाही. आमच्या बीपीवाल्या दोस्ताने हे पहिल्याच आठवड्यात मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी पिठलं. अर्धी वाटी बेसन दोन वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा. फोडणीत कांदा, मिरची परता, बेसनाचं पाणी ओता, हलवत राहा. घट्ट झालं की झाकण ठेवून पाच मिनिटं मंद आच. भाकरी येत नसेल तर विकत आणा, त्यात कमीपणा कसला? तिसऱ्या दिवशी मोड आलेल्या मटकीची उसळ. घाई असेल तेव्हा अंडाभुर्जी.

यातलं काहीही केलं तरी शेजारी काकडी, टोमॅटो, मुळा चिरून ठेवायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचंही सांगणं हेच, की ताटाचा निम्मा भाग भाज्या-फळांचा हवा. आपल्याकडे निम्मं ताट भाताचंच असतं, बघा!

पावसाळ्यात तर आपल्या भागाची चैन असते. कर्जत-खालापूरच्या बाजारात ठाकर, कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. नवख्याने टाकळ्यापासून सुरुवात करावी. कोवळी पानं, कांदा, लसूण, वर थोडं खोबरं, झालं. शेवळं मात्र एकट्याने करायला जाऊ नका. काकडं घातल्याशिवाय केली तर घसा खाजतो. ज्या मावशींकडून घ्याल त्यांनाच विचारा, त्या नीट सांगतात.

तर मंडळी, सुगरण व्हायची गरज नाही. एक कुकर, एक फोडणी आणि काहीतरी कच्चं, एवढं जमलं की आठवड्यातले चार दिवस निघतात. उरलेले तीन दिवस गाडीवर जा, मजेत खा.

आज ऐकून झालं की आधी डाळ आहे का बघा. नसेल तर येताना पाव किलो घेऊन या. भेटू पुढच्या भागात!