वर्गातील यंत्र कोणाच्या हाती?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षणातील स्त्री-पुरुष समतेची चर्चा निघाली की पुरोगामी कार्यकर्त्याचे लक्ष प्रथम पाठ्यपुस्तकाकडे जाते. ते अस्थानी नाही. २०१९ साली ‘बालभारती’च्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकांत घरकाम करणारे पुरुष आणि डॉक्टर झालेली स्त्री अशी चित्रे आली, त्यांचे स्वागत झाले ते योग्यच झाले. तथापि मूल चित्रातून जे शिकते, त्याहून अधिक ठामपणे ते वर्गातील साधनांच्या वाटणीतून शिकत असते. यंत्र कोणाच्या हाती दिले जाते, बाजूला उभे राहून कोण पाहते आणि तास संपल्यावर ते कोणाच्या ताब्यात राहते, हा अभ्यासक्रम कोणत्याही मंडळाने मंजूर केलेला नाही. शिकवला मात्र तो रोज जातो.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून नई तालीमची योजना पुढे आली आणि झाकिर हुसेन समितीने तिचा अभ्यासक्रम आखला. वर्गातील मुलामुलींच्या हाती टकळी आली. सूत कातणे हे असंख्य घरांत बायकांचे काम मानले जाई. तेच आता मुलग्यांनी मास्तरांच्या देखत, विद्या म्हणून करावयाचे होते. या योजनेच्या अर्थकारणावर पुष्कळ टीका झाली, आणि तीतील बरीचशी रास्तही होती. परंतु बायकी म्हणून हिणवलेले साधन मुलाच्या हाती देण्यातील सामाजिक आशय टीकाकारांच्या क्वचितच ध्यानी आला. पुढे १९६४ साली हंसा मेहता समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत मूलतः भेद नसावा असा अभिप्राय दिला. तरीही कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवणकाम आणि मुलांना सुतारकाम ही वाटणी अनेक शाळांत मुकाट्याने चालू राहिली.

यंत्राला स्वतःचे लिंग नसते, ते समाज देतो. टंकलेखनाचे यंत्र अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्त्रियांच्या हाती गेले. हिंदुस्थानातील कचेऱ्यांत तेच यंत्र दीर्घकाळ पुरुष कारकुनांच्या टेबलावर खडखडत होते. संगणकाची कथा याहून बोलकी आहे. १९८४ च्या सुमारास अमेरिकेतील संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रियांचे प्रमाण ३७ टक्क्यांच्या आसपास होते. पुढील पंचवीस-तीस वर्षांत ते १८ टक्क्यांपर्यंत घसरले. या अवधीत अमेरिकन मुलींची बुद्धी निम्मी झाली, असे तर कोणी म्हणणार नाही! पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थ्यांच्या प्रदीर्घ मुलाखती घेतल्या, तेव्हा असे आढळले की घरात आलेला संगणक बहुधा मुलग्याच्या खोलीत गेला होता आणि बहिणीच्या वाट्याला पाहणे आले होते. हे मुलगे सराव घेऊन वर्गात आले आणि त्या सरावालाच उपजत बुद्धी समजले गेले. विद्यापीठाने प्रवेशाच्या वेळी पूर्वसरावाला महत्त्व देणे सोडले, प्रारंभीच्या अध्यापनाची रचना बदलली. परिणाम असा की, तेथील संगणकशास्त्राच्या नव्या विद्यार्थ्यांत १९९५ साली अवघे ७ टक्के असलेले मुलींचे प्रमाण २००० साली ४२ टक्क्यांवर गेले. निसर्गदत्त म्हणून सांगितला जाणारा भेद पाच वर्षांत इतका ओसरला.

भारतात मुली संगणकाच्या शिक्षणाकडे मोठ्या संख्येने वळल्या, हे खरे. परंतु एवढ्यावरून हुरळून जाण्याचे कारण नाही. छताखालचे, खुर्चीवर बसून करायचे, मुलीला ‘शोभणारे’ काम, असा हिशेबही अनेक पालकांच्या मनात होता. म्हणजे यंत्र नवे आले, पण मोजपट्टी जुनीच राहिली.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्गच मोबाइलमध्ये शिरला. ज्या घरात एकच मोबाइल, तेथे वडील कामावर जाताना तो घेऊन जाणार, संध्याकाळी प्रथम भावाचा अभ्यास होणार, आणि बहिणीकडे तो भांडी घासून झाल्यावर, बॅटरी संपत आली असताना येणार: अशी घरे कार्यकर्त्यांना नवी नाहीत. मुलाच्या हातातील मोबाइल हे अभ्यासाचे साधन आणि मुलीच्या हातातील मोबाइल ही बिघडण्याची वाट, हा न्याय तर चळवळीतील घरांतही ऐकू येतो.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ अहवालासाठी २०२३ साली ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाची पाहणी झाली. ज्यांना स्मार्टफोन वापरता येतो अशा मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांजवळ स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांजवळ. फोनवर करून दाखवावयाच्या कामांतही मुलगे पुढे होते. परंतु त्याच पाहणीत दुसरीच्या पातळीचा मजकूर आपल्या भाषेत वाचण्यात मुली ७६ टक्के तर मुलगे ७०.९ टक्के निघाले. जे पुस्तक दोघांच्याही हाती पडते, तेथे मुलगी पुढे आहे. जे साधन घर राखून ठेवते, तेथे ती मागे आहे. बुद्धीची चर्चा करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

शिक्षणहक्क अधिनियम, २००९ अन्वये शाळा व्यवस्थापन समितीचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्मे सदस्य स्त्रिया असावे लागतात. या समित्यांतून कार्यकर्त्यांनी काम करावयाचे आहे. टॅबलेट किती आले आणि कितीला पडले, एवढ्यावरच तेथील चर्चा बहुधा आटोपते. ते घरी नेण्याची नोंदवही असेल तर ती मागवून कोणत्या नावावर किती दिवस गेले ते मोजावे. नसेल तर सुरू करावी. संगणकखोलीची किल्ली मुलग्याकडे आणि केरसुणी मुलीकडे, अशी विभागणी आहे काय तेही पाहावे. मुख्य म्हणजे शाळा सुटल्यानंतर एक तास ती खोली मुलींसाठी उघडी ठेवण्याचा ठराव मांडावा. एवढ्या तासाने घरकामाचा खोळंबा होईल, असा आक्षेप येईल. आक्षेप घेणाऱ्या पालकाला, त्या तासात घरी मुलगा काय करीत असतो, एवढेच तेथल्या तेथे विचारावे.