पुस्तकाचे नाव इंग्रजीत लिहिताना

खमरियाच्या आयुध निर्माणीच्या वसाहतीत काय किंवा जबलपुरात इतरत्र काय, मराठी घरांतली मुले शाळा-कॉलेजात बरेचसे लेखन इंग्रजीतून करतात. मराठी पुस्तकाचा उल्लेख आला की ती नावापाशी अडखळतात. समजा, एखाद्या मुलीने इंग्रजीत लिहिले की पानिपतने मला अस्वस्थ केले. १७६१ च्या लढाईने, की विश्वास पाटलांच्या १९८८ च्या कादंबरीने? इंग्रजीत गावाच्या नावाला कॅपिटल अक्षर लागते, तसे पुस्तकाच्याही, त्यामुळे कॅपिटलने हा घोळ सुटत नाही. तो सुटतो तिरप्या अक्षरांनी, म्हणजे इटॅलिकने. ययाती हा राजाही आहे आणि खांडेकरांची कादंबरीही. आपण कोणाविषयी बोलतो आहोत हे वाचकाला तिरप्या अक्षरांवरून कळते. म्हणून मी या खुणेला सजावट मानत नाही, ती अर्थाचाच भाग आहे. हाताने लिहिताना नावाखाली रेघ ओढावी. छापखान्यात हस्तलिखितातल्या रेघेचा अर्थ 'हे इटॅलिकमध्ये जुळवा' असाच घेतला जाई. मात्र इटॅलिकही आणि रेघही, असे दोन्ही करू नये.

यावर कोणी म्हणेल, वर्तमानपत्रे तर पुस्तकांची नावे अवतरणचिन्हांत छापतात, मराठीतही आपण तेच करतो. खरे आहे, अनेक इंग्रजी वर्तमानपत्रांची रीत तशीच आहे आणि त्यांच्यापुरती ती चुकीची नाही. पण निबंधात किंवा प्रबंधात अवतरणचिन्हांना वेगळे काम असते. कुसुमाग्रजांचा 'विशाखा' हा १९४२ चा कवितासंग्रह, आणि 'कोलंबसाचे गर्वगीत' ही त्यातली एक कविता. संग्रह इटॅलिकमध्ये, कविता अवतरणचिन्हांत असे लिहिले, की पूर्ण ग्रंथ कोणता आणि त्यातला भाग कोणता हे खुलासा न करता समजते. दोन्ही अवतरणचिन्हांत घातले तर ही सोय हातची जाते. धर्मग्रंथांचा तेवढा अपवाद. गीता, बायबल, कुराण ही नावे इंग्रजीत साध्या अक्षरांत लिहितात. पण टिळकांचे १९१५ चे 'गीतारहस्य' हा गीतेवर एका लेखकाने लिहिलेला ग्रंथ, म्हणून तो इटॅलिकमध्ये.

भाषांतरांच्या बाबतीत मात्र जास्त काळजी हवी. विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाले. १८५७ च्या उठावाच्या धामधुमीत त्यांनी झाशीत आणि आसपास जे पाहिले, ते त्यात आहे. आपल्या मध्य प्रदेशाच्या शेजारचीच ही हकीकत. इंग्रजीत मृणाल पांडे यांच्या भाषांतराच्या नावात '१८५७' हा आकडाच पुढे आहे, तर प्रिया आडारकर आणि शांता गोखले यांच्या भाषांतराचे नाव एका ब्राह्मण भिक्षुकाच्या साहसांविषयी आहे. ही दोन नावे वाचून ग्रंथ एकच आहे असे कुणाच्या लक्षात येणार? म्हणून मूळ मराठी नाव रोमन लिपीत इटॅलिकमध्ये द्यावे, कंसात त्याचा साधा इंग्रजी अर्थ द्यावा. आपण भाषांतर वाचले असेल तर त्याचे छापील नाव जसेच्या तसे, भाषांतरकार आणि साल यांसह लिहावे. इतके कशाला, लेखकाचे नाव पुरे की, असा प्रश्न येईल. पण लेखकाच्या नावावरून आपण उद्धृत केलेले पान सापडत नाही. पृष्ठांक आवृत्तीगणिक बदलतात, आणि तपासणाऱ्याने उघडायचे असते ते नेमके आपण वाचलेलेच पुस्तक.